मुळांची हाक : एका संप्रेरकाच्या शोधाचा इतिहास आणि पेडणे-डिचोलीची माती

१

डिचोली तालुक्यात शिरगाव, मुळगाव, पाळी, वेळगे या गावांच्या वाटेने जाणाऱ्यास दोन जातींचे डोंगर दृष्टीस पडतात. एक सृष्टीने घडविलेले. त्यांच्या माथ्यावर जांभ्याचा सडा आणि उतारावर रान. दुसरे मनुष्याने रचलेले. लोहखनिज काढून घेतल्यावर उरलेल्या मातीचे हे ढीग. आमच्याकडे लहानथोर सारे त्यांस ‘डंप’ म्हणतात. गोव्यात एक टन खनिज हाती येण्यासाठी अडीच ते तीन टन माती-दगड बाजूस सारावे लागतात, असा साधारण हिशेब सांगितला जातो. म्हणजे जे परदेशी गेले त्याहून कितीतरी अधिक येथेच, पण उलथेपालथे होऊन पडून राहिले.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या आरंभी आमच्या शाळेच्या मुलांनी अशाच एका डंपाच्या पायथ्याशी रोपे लावली. खड्डे खोल खणले होते, कुंपण घातले होते, रोपेही सशक्त होती. पहिला पावसाळा त्यांनी आनंदात काढला आणि उन्हाळ्यात त्यांतील बहुतेक वाळून गेली. खत कमी पडले असावे अशी आमची समजूत झाली. पुढील वर्षी प्रत्येक खड्ड्यात सुपरफॉस्फेटची एक मूठ अधिक पडली. परिणाम मात्र फारसा निराळा झाला नाही. मी वाङ्मयाचा विद्यार्थी. वनस्पतिशास्त्रात मला अधिकार नाही. परंतु रोपे का मेली, हा मुलांचा प्रश्न टाळणे मुख्याध्यापकास शोभणारे नव्हते. त्या प्रश्नाचा माग काढता काढता मी ज्या इतिहासात शिरलो, तो येथे सांगावयाचा आहे. हा इतिहास राजांचा किंवा लढायांचा नव्हे. मूळ आणि कवक यांच्या मैत्रीचा, आणि ती मैत्री मनुष्यास किती उशिरा व किती आडवाटेने उमगली याचा तो आहे.

२

वनस्पतींच्या अभ्यासात गोमंतकाची परंपरा लहान नाही. मुद्रणयंत्र गोव्यात १५५६ साली आले आणि अवघ्या सात वर्षांनी, १५६३ साली, गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांविषयीचा संवादरूप ग्रंथ येथेच छापला गेला. पुढे १८९८ साली दा. जे. दालगादो यांनी गोवा आणि सावंतवाडी येथील उपयुक्त वनस्पतींची पद्धतशीर सूची पोर्तुगीज भाषेत प्रसिद्ध केली. गोवा आणि सावंतवाडी ही जोडी त्यांना सहज सुचावी हे स्वाभाविक होते. डिचोली १७८१ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगीजांकडे गेले. तोवर हा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांचाच होता. राज्याची सीमा बदलली तरी रानाची सीमा बदलत नसते.

या दोन्ही ग्रंथांत पाने, फुले, फळे, साली, चीक आणि औषधासाठी उगाळावयाची मुळे यांचे वर्णन आहे. मुळाच्या टोकाशी, मातीच्या अंधारात काय चालते याचा उल्लेख त्यांत नाही. तो दोष त्या ग्रंथकारांचा नव्हे. दालगादो यांची सूची छापली जात होती तेव्हा युरोपातही तो विषय नुकताच उघड झाला होता आणि त्यावर कडाक्याचे वाद चालू होते.

त्या विषयाचा आरंभ मोठा गमतीचा आहे. प्रशियाच्या शासनास ट्रफल नावाच्या जमिनीखालील मौल्यवान अळंब्यांची लागवड करावयाची होती. ती शक्य आहे काय हे पाहण्याचे काम आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे आले. ट्रफल ज्या झाडांच्या तळाशी सापडत त्या झाडांची मुळे त्याने तपासली, तेव्हा त्यांच्या बारीक टोकांवर कवकाचे आवरण असल्याचे त्यास दिसले. रोगट झाडांप्रमाणेच निकोप, डौलदार झाडांच्या मुळांवरही ते होते. १८८५ साली त्याने या जोडीस ग्रीक शब्दांवरून ‘मायकोरायझा’ असे नाव दिले. मराठीत त्यास कवकमूळ म्हणता येईल. कवक झाडास जमिनीतील पोषण पुरविते आणि झाड कवकास अन्न देते, असे त्याचे म्हणणे होते. त्यापूर्वी काही वर्षे कामिएन्स्की या पोलिश संशोधकानेही एका हरितद्रव्यहीन वनस्पतीच्या बाबतीत असेच अनुमान मांडले होते. परंतु बुरशी म्हणजे रोग, अशी त्या काळच्या विद्वानांची दृढ धारणा होती. मुळात शिरलेले कवक मित्र असू शकते, हे मान्य व्हावयास अर्धे शतक उलटावे लागले.

फ्रांकने पाहिलेले कवक मुळाच्या बाहेर राहून आवरण घालणारे होते. आपल्याकडील भात, नाचणी, काजू, आंबा, माड यांच्या मुळांत वसणारे कवक निराळ्या कुळाचे. ते मुळाच्या पेशींच्या आत शिरून तेथे इवल्याशा झाडासारखा फांद्या फुटलेला आकार धारण करते. त्यास आपण वृक्षिका म्हणू. १९५३ साली इंग्लंडमध्ये बार्बरा मॉस या विदुषीने स्ट्रॉबेरीच्या मुळांशी जोडलेल्या अशा कवकाचे बीजाणू ओळखून काढले आणि पुढे त्याच्या संसर्गाने रोपे अधिक जोमाने वाढतात हे प्रयोगाने दाखविले. आज जमिनीवरील वनस्पतींपैकी सुमारे सत्तर टक्के जातींच्या मुळांत हे कवक असते असे मानतात. आणि १९९४ साली स्कॉटलंडमधील ऱ्हायनी येथील खडकात सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे जे अवशेष तपासले गेले, त्यांत अशाच वृक्षिका स्पष्ट दिसून आल्या. त्या वनस्पतींना खरी मुळेदेखील नव्हती. म्हणजे झाडास मूळ फुटण्यापूर्वीच त्यास हा सोबती लाभला होता.

३

या सोबतीचा व्यवहार काय, हे समजून घेताना आपल्या जांभ्या मातीचा विचार करणे अवश्य आहे. वनस्पतीस जी द्रव्ये लागतात त्यांत स्फुरद मोठ्या महत्त्वाचा. तो मातीत असला तरी जागचा हलत नाही. मूळ आपल्या भोवतीचा स्फुरद संपविते आणि मग त्याच्याभोवती जणू दुष्काळी पट्टा निर्माण होतो. आपल्या जांभ्या मातीत ही अडचण दुणावते. तिच्यात लोह आणि ॲल्युमिनियम विपुल असल्याने स्फुरद त्यांच्याशी घट्ट बांधला जातो. घरात धान्याची कणगी भरलेली असावी आणि तिला कुलूप असावे, तशी ही स्थिती होय.

कवकाचे तंतू मुळावरील केसांहूनही बारीक असतात. दुष्काळी पट्टा ओलांडून ते दूरवर पसरतात आणि मुळास ज्या फटीत शिरता येत नाही तेथून स्फुरद व पाणी आणून देतात. त्या मोबदल्यात झाड आपल्या पानांत तयार झालेल्या अन्नाचा चार ते वीस टक्के भाग कवकास देते. त्यात साखर असते हे पूर्वीच ज्ञात होते. चरबीसारखी स्निग्ध द्रव्येही झाडच पुरविते, कारण हे कवक ती स्वतः बनवू शकत नाही, हे २०१७ साली सिद्ध झाले.

येथे एक गोष्ट माझ्या मनावर विशेष बिंबली. ज्या लोहाने डिचोलीचे नाव परदेशांतील पोलाद-कारखान्यांपर्यंत नेले, त्याच लोहाने येथील स्फुरद बांधून ठेवला. आणि स्फुरद बांधलेला असल्यामुळेच येथील रानास कवकाच्या मैत्रीची अधिक गरज पडली. खाणीने लोह नेले तेव्हा ती मैत्री ज्या वरच्या वीतभर मातीत नांदत होती, तीही उपसली गेली. आपण हिशेब फक्त लोहाचा ठेवला.

४

ही मैत्री जुळते कशी? मातीत बीजाणू पडलेला आहे. त्यास डोळे नाहीत, कान नाहीत. त्यातून निघालेला तंतू मुळास गाठू शकला नाही तर थोड्या दिवसांत शिदोरी संपून मरतो. मूळ जवळ आहे हे त्यास कसे कळते? आणि आलेला तंतू मित्राचा की रोगाचा, हे मूळ कसे ठरविते? या प्रश्नांची उत्तरे संप्रेरकांच्या इतिहासात दडलेली होती.

वनस्पतीच्या एका भागात निर्माण होऊन अत्यल्प प्रमाणात दुसऱ्या भागास आज्ञा देणाऱ्या द्रव्यास संप्रेरक म्हणतात. चार्ल्स डार्विन आणि त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी १८८० साली गवताच्या कोंबावर केलेल्या प्रयोगांतून अशा एखाद्या निरोप्याची कल्पना पुढे आली आणि १९२६ ते १९२८ या काळात डच संशोधक वेंट याने ऑक्झिनचे अस्तित्व दाखवून दिले. त्याच सुमारास, १९२६ साली, तैवानात कुरोसावा हा जपानी संशोधक भाताच्या एका रोगाचा अभ्यास करीत होता. त्या रोगात रोपे वेड्यासारखी उंच वाढून कोलमडतात. रोग घडविणाऱ्या बुरशीच्या नुसत्या स्रावानेही रोपे तशीच वाढतात, हे त्याने दाखविले. त्या द्रव्यास पुढे जिबरेलिन हे नाव मिळाले. आणि वनस्पती स्वतःही ते निर्माण करतात हे नंतर कळले. वनस्पतीचे एक मुख्य संप्रेरक मनुष्यास प्रथम तिच्या शत्रूच्या हातात सापडले, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. कारण आपल्या कथेत हाच प्रकार पुन्हा घडावयाचा आहे.

ज्वारी पिकविणाऱ्या महाराष्ट्रातील शेतकऱ्यास टारफुला ही वनस्पती चांगली ठाऊक आहे. तिची फुले नाजूक, पण ती ज्वारीच्या मुळास चिकटून तिचा रस शोषते. तिच्या धुळीसारख्या बिया जमिनीत वर्षानुवर्षे निजून राहतात आणि यजमानाचे मूळ जवळ आले की जाग्या होतात. हिचीच एक बहीण १९५६ साली अमेरिकेतील कॅरोलायना प्रांतांतल्या मक्यात आढळली, तेव्हा तेथे मोठी खळबळ उडाली. या बियांस जागे करणारे द्रव्य कोणते याचा शोध सुरू झाला आणि १९६६ साली कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते कापसाच्या मुळांच्या स्रावातून वेगळे केले. टारफुल्याच्या शास्त्रीय नावावरून त्यास ‘स्ट्रिगॉल’ म्हटले गेले. अशा द्रव्यांच्या कुटुंबास आज स्ट्रिगोलॅक्टोन म्हणतात.

शोध लागला, पण कोडे अधिकच गहन झाले. आपल्या शत्रूस हाक मारणारे द्रव्य वनस्पतीने का म्हणून निर्माण करावे? घराचे दार उघडे आहे अशी दवंडी चोराच्या गल्लीत कोणी पिटीत नाही. जवळजवळ चाळीस वर्षे या प्रश्नास समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

ते २००५ साली जपानात मिळाले. अकियामा, मात्सुझाकी आणि हायाशी या तिघांनी पाण्यात वाढविलेल्या एका शिंबावंत वनस्पतीच्या मुळांचा स्राव तपासला. कवकाच्या तंतूंना भराभर फांद्या फोडावयास लावणारे एक द्रव्य मुळे सोडतात, हे त्यापूर्वीच ज्ञात झाले होते. ते द्रव्य शुद्ध करून पाहता ते स्ट्रिगोलॅक्टोनच निघाले. एका ग्रॅमचे लक्ष कोटी भाग करावे. त्यांतील शंभराच्या आतले भागदेखील कवकास हलवावयास पुरतात. हे द्रव्य मातीत फार काळ टिकत नाही, म्हणून ते जेथे लागते तेथे मूळ जवळच आहे अशी कवकाची खात्री पटते. कोड्याचा उलगडा असा झाला : हाक मित्रासाठी होती, चोराने ती ऐकून ठेवली होती.

आणखी तीन वर्षांनी, २००८ साली, फ्रान्स आणि जपान येथील दोन संशोधक-गटांनी एकाच वेळी तिसरी गोष्ट सिद्ध केली. फ्रेंच गटाने वाटाण्यावर आणि जपानी गटाने भातावर काम केले. ज्या रोपांस स्ट्रिगोलॅक्टोन बनविता येत नाही त्यांस बेसुमार फांद्या किंवा फुटवे येतात. ते द्रव्य बाहेरून दिले की फुटवे आवरतात. म्हणजे बाहेर मित्रास हाक मारणारे हेच द्रव्य घरातही कारभार पाहते. ते वनस्पतीचे स्वतःचे संप्रेरक आहे.

मनुष्याच्या ज्ञानाचा क्रम असा झाला : प्रथम चोर, मग मित्र, शेवटी घरधनी. सृष्टीचा क्रम मात्र निराळा आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात यकृतका या साध्या वनस्पतींच्या वर्गातील एका जातीचा अभ्यास झाला. यकृतका आपल्याकडेही पावसाळ्यात ओल्या दगडांवर हिरव्या चकत्यांसारख्या पसरतात. त्या जातीत हे द्रव्य घरातला कारभार पाहात नाही. ते केवळ कवकास बोलावते. यावरून मित्रास हाक मारणे हेच त्याचे मूळ कार्य असावे, घरातली सत्ता त्यास पुढे मिळाली असावी आणि चोराचा प्रवेश सर्वांत शेवटचा असावा, असे दिसते. आपण इतिहास शिकविणारे लोक घटनांचा क्रम आणि त्यांच्या शोधाचा क्रम यांत फरक करावयास मुलांस सांगतो. त्याचे इतके सुंदर उदाहरण मला कोणत्याही राजवंशाच्या इतिहासात आढळलेले नाही.

५

वनस्पती ही हाक सदासर्वकाळ मारीत नाही. मातीत स्फुरद विपुल असला म्हणजे मुळे स्ट्रिगोलॅक्टोन फारच थोडे सोडतात. स्फुरदाची भूक लागली म्हणजे त्याचा स्राव वाढतो. भातासारख्या पिकांत हे स्पष्ट दिसून आले आहे. त्याच भुकेने फुटवेही कमी होतात. स्फुरद नसलेल्या वाफ्यात भाताचे फुटवे कमी येतात, हे शेतकरी पिढ्यान्पिढ्या पाहात आला आहे. वर विस्तार आवरून खाली मित्र शोधावा, अशी ही एकाच संप्रेरकाने चालविलेली काटकसर आहे.

हाक ऐकून कवक जवळ आले की तेही निरोप पाठविते. २०११ साली त्या निरोपाचे स्वरूप कळले. अळसांदे किंवा मूग यांच्या मुळांवर गाठी आणणारे जिवाणू जशी द्रव्ये सोडतात, तशाच घडणीची द्रव्ये हे कवकही सोडते. गाठींची मैत्री अर्वाचीन, कवकाची प्राचीन. तेव्हा कडधान्यांनी आपल्या जुन्या मित्रासाठी असलेले दारच नव्या मित्रास उघडून दिले, असे म्हणावयास हरकत नाही. भाताच्या बाबतीत २०१५ साली आणखी एक विस्मयकारक गोष्ट उघडकीस आली. रान जळाल्यावर निजलेल्या बियांस जागे करणारे एक द्रव्य धुरात असते, असे २००४ साली ऑस्ट्रेलियात आढळले होते. ते द्रव्य ओळखणारी जी यंत्रणा वनस्पतीत असते, ती बिघडलेल्या भाताच्या मुळांस कवकाची चाहूलच लागत नाही. बीज जागे होणे आणि मूळ मित्रास ओळखणे या दोहोंत असे दूरचे नाते निघाले.

दार उघडले तरी घर मोकाट सोडलेले नसते. कवक आत किती शिरावे, वृक्षिका किती व्हाव्या, यावर इतर संप्रेरकांची देखरेख असते. जिबरेलिनचे प्रमाण वाढले की वृक्षिका घटतात. ज्या प्रथिनांस जिबरेलिन नष्ट करते तीच प्रथिने वृक्षिकेच्या घडणीस लागतात, असे २०१३ साली वेगवेगळ्या प्रयोगशाळांतून दिसून आले. एथिलीनही कवकास आवर घालते. ॲब्सिसिक आम्ल हे दुष्काळाच्या दिवसांचे संप्रेरक, ते मात्र कवकास अनुकूल असते. वृक्षिका नीट वाढण्यास ऑक्झिनचाही हात लागतो. वृक्षिका काही दिवसच जगते. मग झाड तीस विरघळवून टाकते आणि दुसरी घडू देते. अशी ही मैत्री दर आठवड्यास नवी होणारी, हिशेबी, पण त्यामुळेच चाळीस कोटी वर्षे टिकलेली आहे.

६

आता पुन्हा आपल्या तालुक्यांकडे वळू. पेडण्याच्या तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांमधल्या मुलखात भाताची शेते आहेत. खाऱ्या पाण्याजवळची खाजने आहेत, तसेच चढावरील मोरड शेतेही आहेत. कवकास श्वासाला हवा लागते. म्हणून पाणी तुंबलेल्या खाजनात ते पूर्ण नाहीसे झाले नाही तरी थोडेच असते. उलट मोरडावरील भात आणि नाचणी, किंवा सरद पिकानंतर येणारे अळसांदे यांस त्याची सोबत अधिक मिळू शकते. ज्या शेतात दर वर्षी गरजेपेक्षा जास्त सुपरफॉस्फेट पडते, तेथे पिकाची हाक मंदावते आणि कवकाचे तंतू कमी होत जातात. खत वाईट आहे असा याचा अर्थ नव्हे. माती न तपासता घातलेले खत शेतकऱ्याच्या पैशाबरोबर त्याच्या मित्रासही घालविते, एवढाच त्याचा अर्थ.

पेडण्याचा पश्चिमेकडचा कडा म्हणजे केरी, हरमल, मांद्रे, मोरजी यांचा वालुकामय किनारा. तेथील वाळूच्या टेकड्यांवर मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा या वनस्पती वाळू धरून ठेवतात. वाळूत पोषण जवळजवळ नाहीच. मग त्या जगतात कशाच्या जोरावर? गोव्याच्या किनाऱ्यावरील अशा वनस्पतींच्या मुळांचा अभ्यास गोवा विद्यापीठातील संशोधकांनी केला आणि तो २००१ साली प्रसिद्ध झाला. या वनस्पतींच्या मुळांत कवक चांगलेच वसलेले त्यांना आढळले. कवकाचे तंतू वाळूचे कणही एकत्र बांधीत असतात. टेकडी सपाट करून तेथे खाटा आणि छत्र्या मांडणाऱ्यास केवळ रेती दिसते; तिच्यातले विणकाम दिसत नाही.

१९८५ साली सुरू झालेल्या या विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्रा. बी. एफ. रॉड्रिग्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गोव्यातील कवकमुळांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. किनारा, खारफुटी आणि लोहखाणींची टाकाऊ माती हे तिन्ही त्याचे विषय झाले. २००९ साली गोव्यातील या कवकांच्या ओळखीची एक मार्गदर्शक पुस्तिका प्रा. रॉड्रिग्स आणि मुथुकुमार यांनी सिद्ध केली. खाणींच्या मातीवर आपोआप उगवून तग धरणाऱ्या वनस्पतींच्या मुळांत कवक असते, हे या अभ्यासातून दिसून आले. ओर्ता आणि दालगादो यांनी जेथे लेखणी थांबविली होती, तेथून पुढचे पान आमच्याच भूमीत लिहिले गेले, ही अभिमानाची गोष्ट आहे. ती आमच्या शाळांच्या पाठांत अजून आलेली नाही, ही खंतही येथेच नोंदविली पाहिजे.

७

डिचोलीच्या खाणींचा अलीकडचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. पोर्तुगीज अमदानीच्या शेवटच्या काळात लोहखनिजाची निर्यात सुरू झाली. १९६१ च्या मुक्तीनंतर ती वाढतच गेली आणि २०१०-११ साली गोव्यातून चार कोटींहून अधिक टन खनिज बाहेर गेले. २०१२ साली खाणी बंद झाल्या. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने वार्षिक मर्यादा घालून दिली. २०१८ साली त्याच न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले. पुढे २०२२ च्या डिसेंबरपासून लिलाव झाले आणि २०२४ साली डिचोलीत उत्खनन पुन्हा सुरू झाले. या साऱ्या वादात रोजगार, महसूल, धूळ, विहिरींचे पाणी यांची चर्चा झाली आणि ती योग्यच होती. जमिनीच्या वरच्या थरातील जीवनाची चर्चा फारशी ऐकू आली नाही.

डंपावर हिरवळ आणण्याचे प्रयत्नही झाले. झटपट वाढणारी ऑस्ट्रेलियन अकेशिया अनेक डंपांवर लावली गेली. दुरून पाहता डोंगर हिरवा झाला. परंतु हिरवा डोंगर आणि रान ही एक नव्हेत. ज्या ऑस्ट्रेलियाहून ते झाड आले, तेथील खाणींचा अनुभव आपणांस अधिक उपयोगी पडला असता. पश्चिम ऑस्ट्रेलियात जांभ्यासारख्याच जमिनीत बॉक्साइटच्या खाणी आहेत. खणताना माती ढवळली गेली आणि ढीग करून ठेवली गेली की तिच्यातील कवकाची संसर्गक्षमता घटते, असे जास्पर, रॉबसन आणि ॲबट यांनी १९८७ च्या सुमारास दाखविले. म्हणून तेथे वरची माती ढिगात न ठेवता, ती खरवडली की ताबडतोब जवळच्या खणून झालेल्या भागावर पसरावी, ही रीत महत्त्वाची मानली गेली. त्या मातीत बिया असतात, बीजाणू असतात आणि तुटलेल्या मुळांतले जिवंत तंतू असतात.

येथे मला आमच्या वाळलेल्या रोपांचा अर्थ लागला. तो एकच होता असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. डंपाच्या मातीत कुजलेला पाला नसतो, पाणी टिकत नाही, उन्हाने ती तापते, यंत्रांच्या भाराने ती घट्ट झालेली असते. परंतु या साऱ्या संकटांत ज्याने धीर द्यावयाचा, तो सोबतीच तेथे नव्हता. ट्रेमधील निर्जीव मातीत वाढलेली आमची रोपे एकाकी होती. पहिल्या वर्षी त्यांची मुळे उपाशी होती. त्यांनी रीतीप्रमाणे हाक मारली असेल, पण ती ऐकणारे ढिगात जवळपास कोणी नव्हते. दुसऱ्या वर्षी आम्ही जी मूठ घातली, तिने ती हाकच बंद केली असेल. आमची कळकळ खरी होती आणि आमचे उपचार उलटे.

यापुढे काय करावे, याचे उत्तर अवघड असले तरी गूढ नाही. नवी खाण उघडताना वरची वीतभर माती निराळी काढून तिचा विनाविलंब उपयोग करणे, ही अट मानली पाहिजे. जुन्या डंपांसाठी रोपवाटिकेतच रोपांस येथील कवकाची जोड द्यावी. ते वाढविण्याचे तंत्र आपल्या विद्यापीठांना आणि संशोधनसंस्थांना अवगत आहे. पहिल्या पावसात एकदम वृक्ष न लावता गवते आणि कडधान्ये यांनी मातीत तंतूंचे जाळे विणू द्यावे, आणि मगच करमळ, किंदळ, जांभूळ यांसारखी आपली झाडे लावावी. आणि ज्या देवराया आपल्या गावांत अद्याप उभ्या आहेत, त्यांच्या तळची माती हे न उपसलेले भांडार आहे असे समजून तिचे रक्षण करावे. डंपासाठी देवराई खरवडणे म्हणजे एक घर मोडून दुसरे बांधणे होय. तिच्याकडून मूठभर बीज घ्यावे, आणि तेही जाणत्यांच्या देखरेखीखाली.

मुलांच्या प्रश्नाचे उत्तर मी त्यांस एका वाक्यात देऊ शकलो नाही. या वर्षी आम्ही रोपे लावली नाहीत. डंपाच्या कडेला ज्या ठिकाणी गवत आपण होऊन उगवले आहे, त्या जागा मुलांनी शोधल्या आणि तेथे आधी अळसांदे पेरले. पावसाळा संपताना त्यांतील काही झाडे मुळांसकट हळूच उपटून त्यांनी पाहिली. कवक नुसत्या डोळ्यांस दिसत नाही, हे त्यांस आधीच सांगितले होते. तरी मुळांस माती अशी बिलगली होती की ती झटकूनही लवकर सुटेना. मुले ती मुळे बराच वेळ हातांत धरून होती.